आठच्या पटीत

जगातल्या कुणालाही बघता येईल अशा एका यादीत माझा ईमेल पत्ता आहे. शेजारी मी सर्व्हरला दिलेलं टोपणनाव, त्याचा आयपी पत्ता, तो कोणत्या देशात आहे, त्यावर टॉरची कोणती आवृत्ती चालते, तो शेवटचा कधी रीस्टार्ट झाला, हे सगळं. टॉर म्हणजे इंटरनेटवर माणसाला निनावी वावरू देणारं जाळं. ते ज्या हजारो रिलेंवर, म्हणजे वाहतूक पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरांवर, चालतं, त्यातल्या प्रत्येकाची कुंडली अशी उघडी असते. संपर्काचा पत्ता लिहायची सक्ती नाही. पण न लिहिणाऱ्याकडे बाकीचे जरा संशयाने बघतात, आणि मला ते बरोबरच वाटतं. दुसऱ्यांना निनावी ठेवण्याचं काम ज्याला करायचंय, त्याने स्वतः चारचौघांत उभं राहावं.

दिवसा मी नागपुरात पारसोडीच्या आयटी पार्कात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की पुन्हा तेच काम, फक्त बिनपगारी. युरोपात भाड्याने घेतलेल्या एका छोट्या सर्व्हरवर माझा रिले आहे, दुसऱ्या एका सर्व्हरवर ब्रिज आहे, आणि घरी टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर स्नोफ्लेक चालतं. ब्रिज आणि स्नोफ्लेक काय ते पुढे येईलच. आधी रिलेही घरीच होता. ऑफिसच्या कामासाठी स्टॅटिक आयपी घेतलेला होता, म्हटलं त्याचा उपयोग होईल. पण रिलेंची यादी उघडी असल्याने कित्येक वेबसाइटी ती आख्खीच्या आख्खी काळ्या यादीत टाकतात. तो रिले बाहेरच्या साइटींकडे काही पाठवतो की नुसता मधला टप्पा आहे, याची चौकशी कुणी करत नाही. एक दिवस घरच्यांचं बँकेचं पान उघडेना. मग रिले परदेशी गेला आणि घरात शांतता नांदली.

ज्यांनी टॉर वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचा ब्राउझर आणि तुम्हाला बघायची असलेली साइट यांच्यामध्ये टॉर तीन रिले घालतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याला कुठे चाललात ते कळतं, पण कोण चाललंय ते कळत नाही. मधल्याला, म्हणजे माझ्या रिलेसारख्याला, दोन्ही कळत नाही. त्याला फक्त मागचा रिले आणि पुढचा रिले ठाऊक. ही कल्पना नव्वदच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लॅग यांनी मांडली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन आले. २००२ साली जाळं सुरू झालं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला गेला. नौदलाने आपलं हत्यार जगाला वाटून का टाकावं, असा प्रश्न पडतो. कारण अगदी व्यावहारिक आहे. जाळं फक्त नौदलाचीच माणसं वापरत असती, तर जाळ्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचा, हे उघडच झालं असतं. त्यांना लपायला दुसरी माणसं हवी होती. पत्रकार, प्रेमात पडलेली पोरं, आजाराची माहिती शोधणारे, नवऱ्यापासून लपून वकील शोधणाऱ्या बायका, आणि हो, लफंगेही.

वेस्टर्न कोलफील्ड्समधून, म्हणजे आमच्या भाषेत वेकोलितून, निवृत्त झालेल्या माझ्या सासऱ्यांना यातलं बाकी सगळं पटतं. एक प्रश्न ते अधूनमधून विचारतातच. "बेटा, पण हे तू नेमकं कोणासाठी करून राहिली?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एका फाइलमध्ये आहे. ब्रिज म्हणजे त्या उघड्या यादीत नसलेला रिले. ज्या देशांत टॉर बंद केलंय तिथली माणसं त्याच्यातून आत येतात. ब्रिज आपल्यापुरती एक मोजदाद ठेवतो: चोवीस तासांत कोणत्या देशातून किती पत्ते आले. पण हा आकडा नेहमी वरच्या आठच्या पटीत नेऊन लिहिला जातो. एक माणूस आला तरी आठ, सात आले तरी आठ, नऊ आले तर सोळा. मी फाइल उघडते तेव्हा इराणपुढे आठ दिसतं. म्हणजे एकजण असेल, किंवा आठजण. मला कळू नये म्हणूनच ते तसं लिहिलेलं आहे. उद्या माझा सर्व्हर कुणी जप्त केला, किंवा मीच फितूर झाले, तरी त्या फाइलमधून कुणा एकट्यादुकट्या माणसापर्यंत पोचता येऊ नये.

तेव्हा बाबांना मी सांगते, "आठ जणांसाठी. कमीही असतील."

दिवसभर ऑफिसात मी याच्या बरोब्बर उलटं करते. कोणता गिऱ्हाईक कोणत्या पानावर किती सेकंद थांबला, कुठलं बटण दाबताना अडखळला, हे मोजणारी यंत्रणा चालती ठेवायचे मला पैसे मिळतात. त्या मोजमापाशिवाय आजचं कुठलंही सॉफ्टवेअर सुधारता येत नाही असं मीटिंगमध्ये सगळे मान डोलावून म्हणतात. टॉर ते केल्याशिवाय वीस वर्षांहून जास्त काळ सुधारत आलंय. वापरणारे रोज किती, याचासुद्धा नुसता अंदाज बांधतात, तोही रिलेंची यादी मागणाऱ्या विनंत्या मोजून. वापरणारा गडी अडखळला तर त्याने स्वतः येऊन सांगायला हवं. आणि ज्याला निनावी राहायचंय तो येऊन तक्रार कशाला करेल? चुकून केलीच, तर 'चालत नाही' एवढंच लिहील. कोणतं मशीन, कोणता देश, कुणाचं कनेक्शन हे विचारायला जावं तर त्याने न सांगणंच शहाणपणाचं. ऑफिसात आपण जिला त्रोटक तक्रार म्हणून परत पाठवतो, ती इथे शहाण्या माणसाची तक्रार असते. आंधळ्या कोशिंबिरीत राज्य कायमचं आपल्यावर असावं तसं हे काम आहे.

अपडेटचं महत्त्व मला या कामात आल्यावर वेगळंच कळलं. एरवी आपण अपडेट टाळतो ते 'माझं काय बिघडणार आहे' म्हणून. रिलेच्या बाबतीत टाळायचं कारण आणखी मोहक असतं. बराच काळ न अडखळता चाललेल्या रिलेला जाळ्याकडून 'स्टेबल' असा शेरा मिळतो, पुढे 'गार्ड'चा म्हणजे पहिल्या टप्प्यावर उभं राहण्याचा मान मिळतो. सुरुवातीचे दिवस जवळपास रिकामे जातात, मग हळूहळू वाहतूक वाढते, विश्वास वाढतो. आलेख चढताना बघायला बरं वाटतं, खोटं कशाला बोला. रीस्टार्ट केलं की त्या क्षणी आपल्यातून जाणारे सगळे सर्किट, म्हणजे तीन-तीन रिलेंच्या साखळ्या, तुटतात. त्यामुळे चालतंय ते चालू द्यावं असं वाटत राहतं. पण जाळ्याच्या दर तासाच्या यादीतच कोणत्या आवृत्त्या चालतील तेही लिहिलेलं असतं. तुमची आवृत्ती त्यात बसत नसली की लॉगमध्ये इशारा येऊ लागतो, आणि फारच जुनी झाली तर यादी ठरवणारे सर्व्हर तुम्हाला यादीतूनच काढून टाकतात. २०१९ साली शेकडो रिले असे काढले गेले. चालू होते, वाहतूक नेत होते, चालवणाऱ्यांनी आपल्या परीने पुण्यच केलं होतं. तरी काढले. मला हा निर्णय आवडतो. फुकट सेवा करतो म्हणून माणसाला ढिलाईची सवलत मिळत नाही.

त्याहून कठोर प्रसंग २०१४ च्या एप्रिलमधला. ओपनएसएसएल या लायब्ररीत, म्हणजे जोडणी गुप्त ठेवायला असंख्य सर्व्हर वापरतात त्या तयार कोडच्या संचात, हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, ज्यातून सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे बाहेरच्याला वाचता येत होते. त्या तुकड्यांत गुप्त किल्ल्याही असू शकत. टॉरच्या रिलेची ओळख म्हणजे त्याची किल्ली. तेव्हा नुसतं अपडेट करून भागणार नव्हतं. जुनी किल्ली फेकून नवी करायची होती, म्हणजे जाळ्याच्या दृष्टीने कालचा रिले मेला आणि आज एक अनोळखी पोरगा दारात उभा राहिला. कमावलेले शेरे, वाहतूक, मान, सगळं शून्यावर. मी तेव्हा रिले चालवत नव्हते, पण ज्यांनी त्या आठवड्यात मुकाट्याने किल्ल्या मोडल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ज्यांनी ढिलाई केली त्यांचे रिले तेव्हाही बाहेर काढले गेले.

ही झाली जाळ्याची बाजू. वापरणाऱ्याच्या हातात असतो तो टॉर ब्राउझर, आणि तिथला अपडेटचा हिशेब आणखी विचित्र आहे.

सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या बाजूला माझ्या मावसभावाचं टायपिंगचं दुकान आहे. वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका, निवडणूक आली की पत्रकं. मशीन विंडोज ७ वर. कारण त्याचं जुनं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, आणि ते नवं घ्यायचं म्हटलं तर दुकानाचं गणित कोलमडतं. माहिती अधिकारवाल्या एका गिऱ्हाइकाने त्याला टॉर ब्राउझर टाकून दिला होता. तो कशासाठी वापरतो हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मला बोलावलं ते ब्राउझर जोडलाच जात नाही म्हणून.

भर मे महिना. दुकानात कूलरचा आवाज इतका की बोलणं ओरडून. मशीनवरची तारीख बघितली तर कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला होता. सकाळी मशीन सुरू केलं की घड्याळ मागे. दादाला त्याने काही अडत नव्हतं, तारीख तो टाइप करून टाकतो. टॉरला मात्र अडतं. रिलेंची यादी जेमतेम तीन तास ग्राह्य धरली जाते, त्यामुळे ज्याचं घड्याळ चुकीचं त्याला आजची यादी खोटी वाटते. सेल बदलला, तारीख लावली, जोडलं गेलं.

"बस, एवढंच होतं?" दादा म्हणाला. मग दुसरी तक्रार. "आणि या बाजूला पट्ट्या काहून येऊन राहिल्या? खिडकी मोठी केली की चारी बाजूनं रिकामी जागा सोडते."

त्या पट्ट्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. २०१९ पासून टॉर ब्राउझर पानाला खिडकीचं खरं माप कळू देत नाही. शंभर-दोनशेच्या पटीत खाली आणून सांगतो आणि उरलेली जागा रिकामी सोडतो. कारण खिडकीचं नेमकं माप हीसुद्धा ओळख आहे. तुमचा मॉनिटर, तुमचा टास्कबार, तुम्ही ओढून लहानमोठी केलेली खिडकी, यातून निघणारा आकडा हजारात एखाद्याचाच असतो. फॉन्टचंही तेच. दादाच्या मशीनवर मराठीचे इतके फॉन्ट आहेत की त्यांची नुसती यादी वाचली तरी हा माणूस महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी छापखान्यात किंवा टायपिंगच्या दुकानात बसलाय हे कुणीही सांगेल. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे कित्येक, आणि दर लग्नसराईत कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले बिननावाचे. साधा ब्राउझर हे सगळं पानाला चाचपून बघू देतो. टॉर ब्राउझर मोजकेच ठरलेले फॉन्ट दाखवतो, जे सगळ्यांकडे सारखे. त्याचा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी, की दादा, बर्लिनमधली पत्रकार आणि माझी मैत्रीण हे तिघंही पानाला एकाच माणसासारखे दिसावेत.

आता यात अपडेटचं काय? सगळे सारखे दिसतात ते सगळ्यांची आवृत्ती एक असेल तरच. ज्याने अपडेट टाळलं तो नुसता धोक्यात येत नाही, तो उठून दिसू लागतो. गर्दी पुढे सरकते आणि हा एकटा मैदानात उभा. शिवाय गर्दीतून एक कमी झाला म्हणून बाकीच्यांचा आडोसाही तेवढाच विरळ होतो. दादाला मी हे सांगितलं आणि तो म्हणाला, "मंग कर ना अपडेट." आणि तिथेच गाडी अडली. टॉर ब्राउझर फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बांधतात. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेली १४.० ही ज्या फायरफॉक्सवर होती, त्याने विंडोज ७ चा हात सोडला होता. मायक्रोसॉफ्टने तर २०२० च्या जानेवारीतच सोडला. मागे राहिलेल्यांसाठी टॉरच्या लोकांनी जुनी १३.५ ही शाखा सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह तेवढ्यासाठी चालू ठेवली. म्हणजे दोन गर्दी झाल्या, एक मोठी आणि एक छोटी. तंत्राच्या शुद्धतेने बघितलं तर जुनी शाखा कापायलाच हवी होती. दोन शाखा सांभाळणं म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा बसवणं, दोनदा तपासणं. पण ज्यांना नवं मशीन परवडत नाही त्यांनाच आडोशाची गरज जास्त, हेही खरं. त्यांनी लगेच कापली नाही. दादाच्या दुकानात उभं राहून मला ते योग्यच वाटलं. ऑफिसात असते तर कदाचित उलटं बोलले असते.

अपडेट केलं नाही तर काय होतं याचा धडा २०१३ चा आहे. फायरफॉक्समधलं एक भोक जूनच्या अखेरीस बुजवलं गेलं होतं, दुरुस्त टॉर ब्राउझर लोकांपर्यंत पोचला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला एफबीआयने ताब्यात घेतलेल्या एका होस्टिंग सेवेच्या पानांवरून तेच भोक वापरून, भेट देणाऱ्यांचे खरे पत्ते गोळा केले. सापडले ते विंडोजवर जुनी आवृत्ती ठेवलेले. त्या सर्व्हरवर अत्यंत घाणेरडे गुन्हे चालत, ते पकडले गेले याचं मला दुःख नाही. पण त्याच सर्व्हरवर एक साधी ईमेल सेवाही होती, आणि तिचे वापरकर्तेही त्याच जाळीत आले. भोक माणूस बघून उघडत नाही.

कधी हल्ला लागतच नाही. २०१९ च्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन अचानक बंद पडली, कारण त्यांच्यावर सही करणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. नुसती तारीख उलटली. टॉर ब्राउझरमधलं नोस्क्रिप्ट, म्हणजे पानातल्या स्क्रिप्ट अडवणारं ॲड-ऑनही त्यात गेलं, म्हणजे ज्यांनी सुरक्षेचा दर्जा सर्वांत कडक ठेवला होता त्यांचंच कवच निघालं. कुणाच्या तरी कॅलेंडरवर एक नोंद हवी होती. असल्या कंटाळवाण्या गोष्टींवर किती माणसांचं काय काय टांगलेलं असतं, याने मला आजही झोपेत दचकायला होतं. ऑफिसातल्या प्रमाणपत्रांच्या तारखा मी तेव्हापासून भिंतीवर लिहून ठेवते. साहेबांना ते गावठी वाटतं, वाटू दे.

स्नोफ्लेकचं दुखणं वेगळं. तिथे समोर माणूस बसलेला असतो, जो रोज नवा डाव टाकतो. स्नोफ्लेकमध्ये तुमची जोडणी बाहेरून व्हिडिओ कॉलसारखी दिसते, आणि माझ्या घरच्यासारख्या हजारो छोट्या यंत्रांमधून आत जाते. ही यंत्रं येत-जात राहतात, त्यामुळे यादी करून बंद करणं अवघड. २०२१ च्या डिसेंबरात रशियाने टॉर अडवायला घेतलं तेव्हा स्नोफ्लेकही ओळखलं गेलं. कशावरून? जोडणीच्या पहिल्या नमस्कार-चमत्कारात स्नोफ्लेकची लायब्ररी एक जादा रकाना पाठवत होती, जो खऱ्या ब्राउझरांच्या कॉलमध्ये नसतो. एक रकाना. तो काढला, नवी आवृत्ती निघाली, लोकांनी घेतली, मार्ग मोकळा झाला. पुढच्या वर्षी महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये लोक रस्त्यावर आले, तेव्हा स्नोफ्लेकचा वापर तिथून एकदम प्रचंड वाढला, आणि ऑक्टोबरात तिथेही अशाच एका बारीक खुणेवरून अडवणूक झाली. पुन्हा दुरुस्ती. हे संपणारं काम नाही, आणि त्यात जिंकणं असं काही नसतं. आज चालतंय एवढंच.

२०२३ च्या सप्टेंबरातल्या त्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीने अर्धं शहर धुऊन काढलं आणि आमच्याकडेही लाईट गेली. इन्व्हर्टर उतरला तसं टीव्हीमागचं यंत्रही बंद झालं. इथे लोकांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलेलं असताना त्याची आठवणसुद्धा व्हायचं कारण नव्हतं, आणि झाली नाही. ज्या कुणाचा कॉल माझ्या घरातून जात असेल त्याला दुसरं कुणाचं तरी यंत्र मिळालं असेल. बांधणीच तशी आहे.

"लपायला काय झालंय? चोरालाच लपावं लागतं," हे वाक्य मला नागपुरात ऑफिसच्या कँटीनपासून तर्री पोह्याच्या गाडीपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. चोरही टॉर वापरतात, हे मी नाकारत नाही. २०१३ मध्ये बंद पडलेला सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार टॉरवरच होता. पण हे वाक्य या शहरात ऐकताना मला गंमत वाटते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, मागे बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे, निघतात. बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर महागाईपासून मंत्र्यांपर्यंत कुणाचीही पिसं काढलेली असतात, आणि इतवारीच्या गर्दीत सगळे मनमुराद हसतात. पाटीवरचा मजकूर कुणी लिहिला हे आजवर कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. बोलणाऱ्याचं नाव कळलं नाही म्हणून बोलणं खोटं ठरत नाही, एवढी समज या गावाला पिढ्यानपिढ्या आहे. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या नऊ जणांत आपल्याच नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. कँटीनमध्ये हे सांगितलं की विषय क्रिकेटवर जातो.

मला स्वतःला छळणारा प्रश्न चोरांचा नाही. तो असा आहे: लपणाऱ्याने विश्वास कुणावर ठेवायचा? टॉर ब्राउझर बनवणाऱ्यांनी यावर एक देखणा उपाय केलाय. २०१३ पासून ते ब्राउझर अशा रीतीने बांधतात, की एकाच कोडवरून वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या मशीनवर बांधला तरी निघणारी फाइल शेवटच्या बिटपर्यंत सारखी निघावी. कुणा एकाच्या मशीनमध्ये काही घुसवलं गेलं असेल, तर त्याची फाइल वेगळी निघेल. यात प्रत्येकाच्या सचोटीवर शंका घेतलेली आहे आणि तरी कुणाचा अपमान नाही.

पण फाइल तपासता येते, थकवा तपासता येत नाही. २०२४ च्या मार्चअखेर जे एक्सझेड प्रकरण उघडकीला आलं ते टॉरचं नव्हतं. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या एका लायब्ररीचं होतं. ती एकटा माणूस फुकट सांभाळत होता आणि मेटाकुटीला आला होता. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करत राहिलं, चांगली मदत. दरम्यान भलत्याच नावांनी 'कामं अडून पडलीत, नवा माणूस घ्या' असा तगादा लागला. शेवटी अधिकार मिळाले, आणि त्या हाताने मागचा दरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. जिया टॅन कोण हे आजही उघड झालेलं नाही. म्हणजे निनावीपणाचा सर्वांत चलाख वापर निनावीपणाची सोय करणाऱ्यांच्याच जातकुळीतल्या एका थकल्या माणसाविरुद्ध झाला. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. इतकंच वाटतं, की वापरणाऱ्याचं नाव माहीत नसावं आणि सांभाळणाऱ्याचं माहीत असावं. आणि त्याला पोटापुरते पैसेही मिळावेत. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडच्या झटक्यात टॉर प्रोजेक्टला आपली १३ माणसं कमी करावी लागली, मागे २२ उरली. जगभरच्या लोकांचा आडोसा, आणि त्याला सांभाळायला आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावरही मावतील इतकी माणसं.

ऑफिसातला आमचा एक ज्युनिअर, उमरेडचा पोरगा, वर्षभर माझ्या मागे लागलाय. त्याला रिले चालवायचाय. "ताई, नवा लावला तर वाहतूक यायलेच किती दिवस लागतील. तुमच्याच रिलेची किल्ली मले द्या, तुम्ही थकल्यावर मी चालवतो. शेरे तरी वाया नाही जाणार." त्याचं म्हणणं हिशेबी आहे. पण मी नाही म्हटलं. त्या किल्लीमागे एक माणूस आहे असं जाळं धरून चाललंय. आतला माणूस बदलला आणि बाहेर पाटी तीच राहिली, तर एक्सझेडमध्ये झालं त्याहून फार वेगळं काय झालं? पोरगा चांगला आहे, हा मुद्दा नाही. शिवाय जाळ्याला माझ्या रिलेचा वारस नकोय, दुसरा माणूस हवाय. एकाच माणसाचे अनेक रिले असतील तर ते एका कुटुंबातले म्हणून जाहीर करायचे असतात, म्हणजे टॉर एकाच सर्किटमध्ये त्यातले दोन घेत नाही. त्याचा रिले त्याचा स्वतःचा असेल, वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर माझा आणि त्याचा असे दोन टप्पे एका सर्किटमध्ये बसू शकतात, आणि कोण कुठे चाललंय ते आम्हा दोघांपैकी एकालाही पुरतं कळणार नाही.

मग त्याने स्वतःचा लावला. सर्व्हर कुठे घेतला ते मला सांगायला निघाला होता, त्याला थांबवलं; यादीत दिसतं तेवढं मला पुरे. ॲडमिनचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे ठेवायला आणला, 'अडचण आली तर असू द्या' म्हणून. तीही परत दिली. आता त्याची कुरकुर एवढीच, की अपडेट आलं की मी त्याला फोन करून उठवते. यादी उघडी आहे. त्याची आवृत्ती मला दिसते.